जाळं पडेल तिथवर

चिचबोडी, पोस्ट आरमोरी, जिल्हा चांदा
२ मार्च १९५८

चि. मनसाराम,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आधी घे, बोलणी नंतर खा. परदेशी जाऊन तीन आठवडे झाले आणि पत्र एक. तेही पोस्टमनने आधी अख्ख्या गावाला दाखवलं आणि मग माझ्या हातात दिलं. त्यावरचं तिकीट आता त्याच्या घरच्या आरशाला चिकटलेलं आहे.

तू लिहिलंस की जिनिव्हात शहाऐंशी देश जमले आहेत, समुद्र कोणाचा आणि त्यातले मासे कोणाचे याचा कायदा होतो आहे, आणि तू दिल्लीच्या साहेबांजवळ लघुलेखक म्हणून बसतोस. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते जाळ्याची भोकं शिवत बसले होते. म्हणाले, "समुद्राच्या मासोड्यांचं ठरवून राह्यले, बेस झालं. आन् आपल्या तलावाचं कोन ठरवल?"

ते उगीच म्हणाले नाहीत. मालगुजारी होती तोवर तलाव मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा; त्याचा दिवाणजी दर उन्हाळ्यात येऊन सांगायचा, गोसावी तलावात चिचबोडीच्या ढिवरांनी कुठे जाळं टाकायचं आणि पलीकडच्या कोसमटोल्याच्या ढिवरांनी कुठे. मालगुजारी गेली, दिवाणजी गेला, तलाव सरकारचा झाला. सरकार काही तलावाच्या बांधावर, पाळीवर, येऊन उभं राहत नाही. पाचसहा वर्षं सवयीने निभलं. यंदा आपल्या गावच्या बिरजूने बल्लारपूरच्या बाजारातून लांबलचक ओढजाळं आणलं. दोन टोकांना आठ-आठ माणसं लागतात. एका सकाळी त्याने ते आपल्या पाळीपासून थेट कोसमटोल्याच्या घाटापर्यंत ओढलं. कोसमटोल्याच्या लोकांनी विळे आणून जाळं कापलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं काठ्या घेऊन पाळीवर. आपल्या बाजूला आपला चुलतभाऊ, त्यांच्या बाजूला आपला जावई लच्छू. आपल्या धाकट्या चंदाला त्या गावात देऊन दोन वर्षं झाली, पण त्या दिवशी कोणाला नातं आठवलं नाही.

मग कोणीतरी म्हणालं, "आपला मनसाराम जगाच्या पंचायतीत बसून राह्यला. त्यालेच इचारा." हसशील, पण दोन्ही गावं त्यावर थांबली. कोसमटोल्याचे मुखरूभाऊ, त्यांच्यातले सगळ्यात वडील, तेही म्हणाले, "कागद येईल तसा मानू. तो आमचाही पोरगा हाय."

तर आता सांग. तलाव दोन गावांचा आहे. कायदा काय म्हणतो? लौकर लिही, चैत्रात पाणी उतरू लागलं की काठ्या पुन्हा निघतील.

तुझी बाई,
वच्छला

*

जिनिव्हा
१२ मार्च १९५८

ती. बाईस,

पायावर डोकं ठेवतो आणि कानही तुझ्या हातात देतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी सभागृहातून परत आलो होतो. दिवसभर लघुलिपी, संध्याकाळी टंकलेखन. बोटांची टोकं बधिर होतात. पण खरं सांगू? पहिल्या दिवशी त्या सभागृहात बसलो तेव्हा वाटलं, हे सगळे गोरे, काळे, पिवळे लोक टाय बांधून मासोळीवर भांडताहेत, यात मला नवीन काय आहे. मी जन्मल्यापासून हेच ऐकतो आहे. फक्त आपल्याकडे टाय नसतो.

आता तुझ्या प्रश्नाचं. उत्तर इथे तयार आहे, मीच कालपर्यंत सोळा वेळा टंकलं. दोन देशांचे किनारे समोरासमोर असले आणि दोघांचं काही ठरलेलं नसलं, तर दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर मधोमध रेघ धरायची. इकडचं त्यांनी घ्यायचं नाही, तिकडचं आपण घ्यायचं नाही. लहान देश, मोठा देश, सगळ्यांना एकच माप. मला हे फार आवडलं, बाई. मालगुजाराच्या दिवाणजीला कोंबडी पोचवली की आपलं पाणी वाढायचं, आठवतं ना? इथे रेघेला कोंबडी लागत नाही.

तेव्हा असं करा. दोन्ही गावच्या दोन-दोन माणसांनी दोरीने तलाव मोजावा आणि मधोमध बांबू रोवावेत. सोबत वेगळा कागद जोडला आहे, त्यावर हेच नीट लिहून सही केली आहे. तो पंचांसमोर वाचून दाखव.

बाबांना सांग, इथल्या सरोवरात मासे आहेत, पण जाळं फेकणारा एकही चांगला हात दिसला नाही.

तुझा,
मनसाराम

*

चिचबोडी
२५ मार्च १९५८

चि. मनसाराम,

आशीर्वाद. तुझा कागद मिळाला. शाळेच्या ओसरीत दोन्ही गावांसमोर मीच वाचला. दुसऱ्या दिवशी दोरी ओढून तेवीस बांबू रोवले. मुखरूभाऊंनी कागद कपाळाला लावला आणि घडी करून स्वतःकडे ठेवायला मागितला. मी नक्कल करून दिली.

भांडण नाही. पाळीवर कोणी येत नाही. बाबांची तब्येत ठीक, उजव्या हाताला थोडा कंप आहे, पण तो तुला माहीतच आहे. चंदा तिच्या घरी आहे. शाळेची परीक्षा जवळ आल्याने जास्त लिहीत नाही.

वच्छला

*

जिनिव्हा
५ एप्रिल १९५८

ती. बाईस,

तुझं पत्र एवढं छोटं की मी मागची बाजू उलटून पाहिली. पण त्यात जे होतं त्याने मी दोन दिवस हवेत आहे. भांडण नाही! मुखरूभाऊंनी कागद कपाळाला लावला! मी साहेबांना सांगितलं. ते सहसा माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत, त्या दिवशी बघितलं. म्हणाले, "इथे आम्हाला महिना झाला, एक रेघ ठरत नाही. तुमच्या गावाने एका दिवसात ठरवली." मी बाहेर येऊन एकटाच हसलो.

इथलं विचारशील तर रोज नवा तमाशा. माझ्या शेजारच्या टेबलावर आइसलँड नावाच्या बेटाचा गुन्नार म्हणून टंकलेखक आहे. त्याचा बापही कोळीच. त्याच्याकडून कळलं की समुद्रात किनाऱ्यापासून तीन मैल आपले, हा नियम म्हणे तोफेवरून आला. किनाऱ्यावरून तोफेचा गोळा जिथवर पडेल तिथवर तुमचं पाणी. पुढचा समुद्र सगळ्यांना मोकळा. मी म्हटलं, ज्याच्याकडे तोफच नाही त्याचं पाणी किती? तो म्हणाला, आम्ही बेटावरचे लोक हेच तर विचारतो आहोत. मोकळा समुद्र म्हणजे ज्यांच्याकडे मोठी जहाजं आणि मैलभर जाळी, त्यांना मोकळा. ती जहाजं त्याच्या बापाच्या दारापर्यंत येऊन समुद्राचा तळ खरवडून नेतात आणि वर म्हणतात की कायद्याप्रमाणेच नेतो.

मला राग येतो, बाई. हे नियम केले तेव्हा आपण तिथे नव्हतो. आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. ज्यांनी केले त्यांना सोयीचे केले. पण आता आपणही त्या खोलीत आहोत, हात वर करतो, आपला हात मोजला जातो. म्हणून मला आशा वाटते. आणि आपल्या तलावापुरती तर ती खरीही झाली. चंदाला माझ्याकडून सांग, तिच्या सासरचं पाणी आता कोणी ओढून नेणार नाही.

तुझा,
मनसाराम

*

कोसमटोला
१५ एप्रिल १९५८

दादा,

मी चंदा. अक्षर वाईट आहे, ते वच्छलाबाईने शिकवलं तेवढंच येतं. पत्ता तिच्याच पाकिटावरून उतरवून घेतला होता. हे पत्र मी लिहिते आहे हे तिला माहीत नाही.

तुझ्या रेघेबद्दल सांगते. तू तलाव विसरलास का? तुमच्या बाजूला पाळ आहे. पाळीजवळ पाणी खोल आहे. आमच्या बाजूला तलाव पसरट आहे, थाळीसारखा. चैत्र लागताना मोजलं तेव्हा दोघांचं पाणी सारखं होतं. आता चैत्र संपत आला. पाणी पाळीकडे सरकलं. तुझ्या बांबूंच्या अलीकडे आता चिखल आहे आणि चिखलाला भेगा आहेत. बांबूंच्या पलीकडे मरळ उड्या मारताना आम्हाला दिसतात.

आमचे लोक रेघ ओलांडत नाहीत. मुखरूबाबांनी सांगितलं, "आमी मानू म्हनलं होतं. मानलं." रात्री जेवताना भात आणि आंबाडी. दिवसा लोक वैनगंगेवर मासे धरायला जातात, येऊन-जाऊन सात कोस. माझे सासरे वाटेत चक्कर येऊन पडले.

आठ दिवसांपूर्वी मी टोपली घेऊन चार बायांबरोबर झिंगे धरायला बांबूंजवळ गेले. पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडून बिरजू आला. म्हणाला, "चंदाबाई, इथून मागं हो. तुह्याच भावाचा कागद हाय." आणि त्याने मला तो तोंडपाठ म्हणून दाखवला. गावातल्या सगळ्यांना पाठ झाला आहे. इकडचं त्यांनी घ्यायचं नाही, तिकडचं आपण घ्यायचं नाही.

मी मागे झाले. माझ्याच माहेरच्या पाण्यातून मागे झाले. त्या दिवसापासून मी माहेरी गेले नाही आणि जाणारही नाही, जोवर ते बांबू तिथे आहेत. बाई दोनदा पाळीवर येऊन उभी राहिली, मी बाहेर आले नाही.

बिरजूवर माझा राग नाही. तो पहिल्यापासून तसाच आहे. तुझ्यावर आहे.

चंदा

*

जिनिव्हा
२६ एप्रिल १९५८

ती. बाईस,

चंदाचं पत्र मिळालं. तिला रागावू नकोस. तू मला का कळवलं नाहीस हे मी विचारणार नाही, कारण मी काय ऐकायला उत्सुक होतो ते माझ्याच पत्रात लिहिलेलं आहे.

एक कबुली द्यायची आहे. मी तुला लिहिलं की हा नियम मी सोळा वेळा टंकला. खरं आहे. पण त्या नियमाला पुढे एक शेपूट आहे, तेही मी सोळा वेळा टंकलं. त्यात म्हटलं आहे की खास परिस्थिती असेल तर मधली रेघ सोडून वेगळी रेघ धरता येईल. इथे त्यात जुन्या वहिवाटीचाही उल्लेख घालायचं चाललं होतं. एवढंच वाक्य मी तुला लिहायचं गाळलं. कागद सुटसुटीत दिसावा म्हणून. गावाला एक साधी, ठणठणीत गोष्ट पाठवावी आणि गावाने म्हणावं, वा मनसाराम. ज्या तलावात मी पोहायला शिकलो त्याचा तळ मला आठवला नाही, आणि ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांनी कधीही न पाहिलेल्या पाण्यासाठी जागा ठेवली होती, ती मी खोडली. मी इथे बसून मोठ्या देशांना नावं ठेवत होतो. माझ्या कागदाने बिरजूच्या हातात तोफ दिली.

इथेही काल मतदान झालं. किनाऱ्यापासून किती मैल कोणाचे, यावर एकाही सूचनेला पुरेशी मतं पडली नाहीत. बाकी बरंच काही ठरलं, पण नेमकं तेच राहिलं. साहेब थकून खुर्चीत बसले होते. गुन्नार मात्र सामान बांधताना शीळ घालत होता. मी विचारलं, एवढा खूश कशाने? म्हणाला, चुकीचा आकडा ठरण्यापेक्षा पुन्हा बसू हे बरं. पुन्हा बसण्याचा ठराव झाला आहे.

म्हणून बाई, तुम्हीही पुन्हा बसा. सोबत दुसरा कागद आहे. त्यात लिहिलं आहे की पहिला कागद अर्धवट होता, चूक माझी आहे, तो मी मागे घेतो. हा कोसमटोल्यात जाऊन वाच. आधी तिथे, मग आपल्याकडे.

आणि बाबांना एक विचार. मालगुजाराचा दिवाणजी यायच्या आधी हा तलाव कसा वाटून घेत होते? काहीतरी असलंच पाहिजे. तलाव मालगुजारापेक्षा जुना आहे.

मनसाराम

*

चिचबोडी
११ मे १९५८

चि. मनसाराम,

आशीर्वाद. हे पत्र लांब होणार आहे, बसून वाच.

आधी माझी कबुली. तुझी चूक गाळण्याची, माझी वाचण्याची. ओसरीत तुझा कागद वाचत होते तेव्हाच मला कळत होतं की वैशाखात कोसमटोल्याच्या वाट्याला चिखल येणार. मी त्याच तलावावर लहानाची मोठी झाले. मुखरूभाऊंनाही कळत होतं, मी त्यांचं तोंड बघत होते. ते बोलले नाहीत कारण कागद मोठ्या जागेचा होता आणि त्यांनी शब्द दिला होता. मी बोलले नाही कारण पाणी आपल्याकडे राहत होतं. नवरा गेल्यापासून मी बाबांच्या घरात राहते, या गावाच्या मुलांना शिकवते, गावाच्या विरुद्ध तोंड उघडायला मला भीती वाटली. आणि तुला 'भांडण नाही' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं म्हणून तर मला झोप येत नव्हती.

आता पुढचं. तुझा प्रश्न बाबांना विचारला. त्यांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "काऊन इचारते तो?" मी सांगितलं. म्हणाले, "माह्या आज्यानं सांगलं होतं. पहिले म्हताऱ्याच्या हातानं तलाव मोजत."

मी म्हटलं, नीट सांगा. तर रीत अशी होती. उन्हाळ्यात पाणी उतरू लागलं की दर पंधरा दिवसांनी दोन्ही गावं तलावावर जमत. ज्या गावात जो सगळ्यात म्हातारा जाळं टाकणारा असेल, तो आपल्या बाजूने, पाणी जिथवर मागे हटलं असेल तिथे जाऊन उभा राही आणि जाळं फेकी. ते जिथे पडेल तिथवर त्या गावाचं पाणी. पुढच्या पंधरवड्यात पाणी सरकलं की म्हाताराही सरकणार आणि मापही त्याच्या मागे सरकणार. दोघांच्या मधलं जे उरेल ते दोन्ही गावांनी एकत्र धरायचं. आणि पाळीजवळच्या डोहाला पावसाळ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही, ते बियाणं.

मी विचारलं, "म्हाताराच काऊन? जवान गड्याचं जाळं तर दूर जाते."

"म्हनूनच," बाबा म्हणाले. "जवानाले फेकू देलं तर दोघंबी तलाव खाऊन टाकतीन. म्हताऱ्याच्या हातानं जेवढं येते तेवढंच आपलं. बाकी सगळ्यायचं."

मला तुझा तोफेचा गोळा आठवला. मी बाबांना तो सांगितला. ते एवढे हसले की ठसका लागला.

तुझा दुसरा कागद घेऊन मी कोसमटोल्यात गेले. पाळ उतरून, भेगाळलेल्या चिखलातून, त्या बांबूंमधून. मुखरूभाऊंच्या अंगणात वाचला. तू लिहिलेलं 'चूक माझी आहे' हे वाक्य मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा 'आणि माझीही' असं त्यात घातलं. चंदा दारात उभी होती. ती आत निघून गेली, पण दार लावलं नाही.

मुखरूभाऊंनी पहिल्या कागदाची नक्कल कमरेतून काढली, दुसऱ्या कागदाशेजारी ठेवली. म्हणाले, "मागं घेता येते असा कागद म्या पहिल्यांदाच पाह्यला." मग बाबांची रीत सांगितली. त्यांना ती माहीत होती. त्यांच्या बापाने ती केलेली होती. पण ते आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तो हात लुळा आहे. कोसमटोल्यात सगळ्यात म्हातारा हात तोच. म्हणजे रीत धरली तरी त्यांच्या वाट्याला पुन्हा काहीच नाही. मनसा, त्या अंगणात मला वाटलं की आपण पुन्हा तिथेच आलो.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "परवा येऊ म्हनून सांग."

परवा म्हणजे शुक्रवारी सकाळी दोन्ही गावं तलावावर आली. बिरजूही आला, तोंड वाकडं करून. बाबा आपलं जुनं फेकजाळं खांद्यावर टाकून निघाले आणि आपल्या पाळीवर थांबलेच नाहीत. सरळ खाली उतरले, चिखलातून चालत कोसमटोल्याच्या बाजूला पाण्याच्या कडेला गेले. मुखरूभाऊ तिथे बसले होते. बाबा म्हणाले, "मुखरूभाऊ, हात तुमचा, जाळं माहं. उठा."

मुखरूभाऊ उठले. डावा हात त्यांनी बाबांच्या खांद्यावर ठेवला. बाबांनी जाळ्याची कडा दातात धरली, लहानपणी आपण बघायचो तशी, कंबरेतून वळले आणि फेकलं. मी बाबांना असं जाळं टाकताना दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. ते गोल उघडलं आणि तुझ्या बांबूंच्या बरंच पलीकडे जाऊन पडलं. लच्छू पाण्यात शिरला आणि जाळं पडलं तिथे काठी रोवली.

मग बाबा परत चिखल तुडवत आपल्या पाळीवर आले. तोवर ऊन चढलं होतं. खांदा आणि पाय भरून आले होते. त्यांनी फेकलं. जाळं नीट उघडलंच नाही. काठापासून चार वाव असेल नसेल.

बिरजू बाबांना म्हणाला, "देवाजीभाऊ, हे कोनतं माप? पहिले आपल्या गावाचं फेकाचं होतं, हात ताजा होता तवा. पुन्हा फेका."

बाबा खाली बसले. श्वास लागला होता. म्हणाले, "रीत एकदा फेकाची हाय. आन् थकेल हात तं थकेल हात. तुह्या ओढजाळ्याले मधलं पाणी हाय ना? त्याले दोन टोकं हायेत. एक तू धर, एक तिकडच्यायले दे."

बिरजू तोंड फिरवून निघून गेला. पण शनिवारी कोसमटोल्याच्या बाया आल्या आणि त्यांनी कापलेलं ते जाळं पाळीवर पसरून दिवसभर शिवलं. रविवारी मधल्या पाण्यात ते ओढलं, एका टोकाला आठ आपले, एका टोकाला आठ त्यांचे. बिरजूला मान्य करावं लागलं की एवढी मासोळी त्या सकाळी त्याच्या एकट्याच्या सोळा माणसांनाही मिळाली नव्हती. डोहाला कोणी हात लावला नाही.

संध्याकाळी बाबांना विचारलं, त्यांच्याकडे आधी काऊन गेले? हात थकणार हे माहीत नव्हतं का? ते म्हणाले, "माहित होतं." आणि जेवायला बसले. तेवढ्यात पाटावर चंदा येऊन बसली. हातात झिंग्यांची टोपली होती. बाबांकडे न बघता म्हणाली, "बाई, तेल हाय का?"

मला तेवढ्यावर रडू आलं. तुला लिहायला लाज वाटत नाही.

वच्छला

*

दिल्ली
१९ जून १९५८

ती. बाईस,

तुझं पत्र जिनिव्हाहून फिरत फिरत इथे आलं. मी ते कचेरीत वाचलं आणि शेजारच्या कारकुनाला डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं.

बाबांचं जाळं मी साहेबांना सांगितलं. पहिल्या वेळेस बढाई मारायला सांगितलं होतं, या वेळेस माझी चूकही सांगितली. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "सगळ्यात थकलेल्या हाताचं माप. हे टिपण करून माझ्या फायलीत लावा. पुढच्या वेळी बसू तेव्हा कामाला येईल की नाही माहीत नाही, पण फायलीत असू द्या." मी टिपण केलं. शेपटासकट केलं, एकही वाक्य गाळलं नाही.

त्या फायलीतून काही निघेल असा माझा भाबडा समज नाही. तोफा अजून त्यांच्याकडेच आहेत. पण आता मला एवढं कळलं आहे की कायदा वाईट नसतो, तो पाणी न बघता पाठवला तर वाईट होतो. आणि पाठवणाऱ्याने मागे घ्यायची तयारी ठेवली पाहिजे. गुन्नारला हे लिहून कळवणार आहे.

चंदाला मी वेगळं पत्र टाकलं होतं. तिचं उत्तर नाही. तिला विचारू नकोस. लिहायचं तेव्हा लिहील.

बाबांच्या हाताला तेल लावत जा.

मनसाराम

*

कोसमटोला
२४ ऑगस्ट १९५८

दादा,

तुझं पत्र जूनमध्येच मिळालं. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. थोडे दिवस तुला तसंच ठेवायचं होतं.

तलाव भरला आहे. पाणी पाळीला लागलं. मुखरूबाबा म्हणतात की पुढच्या वर्षी ते डाव्या हाताने फेकायला शिकणार आहेत, अंगणात रोज सराव चालतो, कोंबड्यांना अंगणात यायची सोय राहिली नाही. बाबा परवा येऊन बघून गेले. म्हणाले, "मुखरूभाऊ, सराव नका करू. जास्त दूर गेलं तं आमचं काय होईल?" दोघे म्हातारे ओसरीवर बसून हसत होते.

तुझे तेवीस बांबू मी मे महिन्यातच, माहेरी पाय टाकायच्या आधी, सगळे उपटून आणले. बिरजूने उपटायला मदत केली आणि डोक्यावर घेऊन माझ्या दारापर्यंत पोचवले. त्यांचा मी परसात मांडव केला आहे. तुझ्या रेघेला दोडके लागलेत. आठ दिवसांत तोडायला येतील. सुट्टी काढून ये, तुझ्या हाताने तोड. बांबू मी खोल रोवले आहेत, पण गरज पडली तर उपटता येतील एवढेच.

चंदा